दाढ काढली गणपतीआधी, नवी बसली शिवजयंतीआधी : टिळकवाडीतल्या एका डेंटल क्लिनिकचा अनुभव

क्लिनिकचं नाव लिहीत नाही. एक तर ह्यात दुसऱ्या एका ठिकाणाबद्दल थोडं वाकडं लिहायचंय, आणि दुसरं म्हणजे नाव लिहिलं की लोक म्हणतात ह्याला कमिशन मिळालं असणार. टिळकवाडीत आहे, पहिल्या मजल्यावर, डॉक्टर मॅडम आहेत, एवढं पुरे. पाचपैकी चार स्टार. पाचवा का कापला ते पण सांगतो, पण आधी मुद्द्याचं, कारण मी गेलो तेव्हा मला एकच गोष्ट विचारायची होती की दाढ काढल्यावर इम्प्लांटचा स्क्रू (जबड्याच्या हाडात बसवतात आणि त्याच्यावर नकली दात लावतात तो) त्याच दिवशी बसतो की थांबायला लागतं, आणि ह्या एका प्रश्नावर बेळगावातच मला दोन ठिकाणी दोन उलटी उत्तरं मिळाली.

माझं उद्यमबागला जॉबवर्कचं छोटं शेड आहे, दोन सीएनसी आणि एक जुना लेथ. वय ४७. खालची उजवीकडची मोठी दाढ, नऊ वर्षांपूर्वी आरसीटी (रूट कॅनाल) करून वर कॅप घातलेली. गेल्या वर्षी श्रावणात संध्याकाळी शेडवर फुटाणे खात बसलेलो, कट् करून आवाज आला, मला वाटलं खडा आला असेल. खडा कसला, दाढच उभी चिरली होती. दोन दिवसांनी गाल सुजला, हिरडीवर फोड आला आणि तो दाबला की घाण चव यायची तोंडात. आमच्यातला एक जण म्हणाला लवंग तेल लाव, दुसरा म्हणाला तंबाखूची गोळी ठेव, आणि मी तंबाखू तशीही ठेवतच होतो, निपाणी काय लांब नाही आमच्यापासून.

पहिल्यांदा जवळच्या एका क्लिनिकला गेलो. बाहेर मोठा बोर्ड, एका दिवसात नवा दात. आत एसी, कॉफी मशीन, एक मुलगी टॅब घेऊन बसलेली. डॉक्टरनी छोटा एक्सरे काढला, पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले दाढ गेली, आजच काढू, आजच स्क्रू मारू, तीन दिवसांत वर दात, पॅकेज २९,९९९, ह्या आठवड्यात पैसे भरले तर अजून पंधरा टक्के कमी. खरं सांगायचं तर मला हे एकदम पटलं. एकदाच भूल, एकदाच दुखणं, एकदाच शेड बंद, आपल्याला काय पाहिजे अजून. २,००० ॲडव्हान्स देऊन पण आलो. (ते २,००० काय परत आले नाहीत, तीनदा फोन केला, दर वेळी अकाउंटंट सुट्टीवर.)

घरी आल्यावर बायको म्हणाली, ओ, लेथला जॉब चढवायच्या आधी चार वेळा मापं घेता, कास्टिंगमध्ये ब्लोहोल आहे काय ते ठोकून बघता, आणि स्वतःच्या तोंडात स्क्रू मारून घ्यायला एक फोटो पुरला होय तुम्हाला? राग आला, पण बोलली ते खरंच होतं. तिनंच तिच्या मैत्रिणीला विचारून टिळकवाडीचा पत्ता काढला.

इथं पहिल्या दिवशी मॅडमनी दाढेला हातच लावला नाही. अँटिबायोटिक दिली, शुगर तपासायला पाठवलं आणि सीबीसीटी काढून आणा म्हणाल्या. सीबीसीटी म्हणजे जबड्याचा थ्री-डी स्कॅन, माझे १,८०० गेले. रिपोर्ट घेऊन गेलो तर त्यांनी स्क्रीन माझ्याकडं फिरवली आणि पाव काढल्यासारखे एकेक काप सरकवून दाखवले. दाढ चिरलेली दिसत होती. पण खरी गोम दाढेत नव्हती, भोवतीच्या हाडात होती. जिभेकडची भिंत शाबूत, आणि गालाकडची भिंत जवळजवळ नाहीच. पू साठून साठून ते हाड खाल्लं गेलं होतं. खाली एक गोल बारीक नळी दिसत होती, ती नस, तिच्यापासून निदान दोन मि.मी. लांब राहायचं असतं नाहीतर ओठ बधिर पडू शकतो कायमचा.

मग मी विचारलं, मॅडम, दुसरीकडं आजच टाकतो म्हणालेत, तुम्ही का नाही म्हणूलाव? तर म्हणाल्या, त्याच दिवशी टाकतात की, मी पण टाकते, ते काय चुकीचं नाही. पण तुमच्या दाढेचं भोक दहा मि.मी.च्या आसपास, माझा मोठ्यात मोठा स्क्रू पाच-साडेपाचचा. भिंत नाही, आत पू. स्क्रू धरणार कशाला?

हे मला एका झटक्यात कळलं. ओव्हरसाइझ भोकात टॅप मारल्यासारखं आहे ते. आटे पडतच नाहीत, बोल्ट नुसता फिरतो. इम्प्लांटचं सगळं गणित पहिल्या दिवशीच्या पकडीवर असतं. त्या दिवशी स्क्रू हलला नाही पाहिजे, हलला तर हाड त्याला चिकटत नाही, मध्ये मऊ मांस भरतं आणि चार महिन्यांनी स्क्रू हातात येतो. दाढेच्या मुळांच्या मध्ये हाडाचा जो वरंबा असतो तो जाड असला तर त्यात किंवा मुळांच्या टोकाखालच्या हाडात पकड मिळू शकते, पण माझा वरंबा बारीक आणि खाली नस. म्हणजे दोन्ही दारं बंद.

पण मी पण सोडणारा नाही. मी घरी मोबाइलवर वाचून गेलेलो की दात काढला की हाड झिजतं. म्हणलं मग थांबलो तर हाड जाणार आणि लगेच टाकलं तर स्क्रू त्याला धरून ठेवेल ना? मॅडम हसल्या, म्हणाल्या अर्धं बरोबर वाचलाय. झिजतं हे खरं. २००३ साली छापलेला एक अभ्यास आहे दाढा काढलेल्या पेशंटवर, त्यात हाडाची रुंदी १२ मि.मी.वरून वर्षभरात ५.९ वर आली, आणि त्यातली दोन तृतीयांश झीज पहिल्या तीनच महिन्यांत. पण स्क्रू टाकला म्हणून ती झीज थांबत नाही. हे मला नवीनच होतं. दाताच्या मुळाला चिकटून हाडाचा एक पातळ थर असतो, तो दातासाठीच असतो आणि दाताबरोबरच जातो, तुम्ही त्या जागी टायटॅनियम ठेवा नाहीतर सोनं ठेवा. गालाकडची किंवा ओठाकडची भिंत मुळातच पातळ, म्हणून ती आधी जाते. घाईनं स्क्रू टाकला आणि नंतर भिंत बसली की स्क्रूचे आटे उघडे पडतात, हिरडी खाली सरकते, आणि मग ते निस्तरायला नव्या इम्प्लांटपेक्षा जास्त खर्च.

मग किती थांबायचं? ह्याचं त्यांनी मला जे सांगितलं ते मी फॉर्मच्या मागं लिहून घेतलं होतं. २००४ साली ह्या विषयातल्या लोकांनी ह्याची चार गटांत वाटणी छापली आणि आजपण तीच धरून बोलतात. एक, दात काढला त्याच दिवशी. दोन, चार ते आठ आठवड्यांनी, म्हणजे तोवर वरची हिरडी भरून येते पण आतलं हाड अजून कच्चं असतं, फायदा काय तर पू-बिऊ गेलेला असतो आणि टाके घालायला भरपूर हिरडी मिळते. तीन, बारा ते सोळा आठवड्यांनी, खड्ड्यात बऱ्यापैकी हाड धरलेलं असतं आणि रुंदी अजून फार गेलेली नसते. चार, सोळा आठवड्यांच्या पुढं, पूर्ण भरल्यावर. पूर्वी सगळ्यांना ह्या चौथ्यातच बसवायचे. आता कुठला पेशंट कुठल्या गटात ते स्कॅन बघून, शुगर बघून, तोंडातली जागा बघून ठरवतात. मला तिसरा गट सांगितला. मी घरी येऊन बायकोला म्हणलं, कास्टिंग गरम असताना मशीनवर चढवत नाहीत तसलाच प्रकार आहे, पण पार गंज चढेपर्यंत यार्डात पण ठेवायचं नाही.

थांबायची अजून दोन कारणं निघाली, आणि ती माझीच करणी. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, ८.६ आलं. मला शुगर आहे हे मला माहीत होतं, इतकी आहे हे माहीत नव्हतं, का माहीत करून घ्यायचं नव्हतं कोण जाणे. आणि तंबाखू. मॅडम ओरडल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या शुगर सातच्या आसपास आणा आणि चुना-तंबाखू बंद करा, नाहीतर मी स्क्रू टाकणार नाही, तुमचे पैसे घ्यायला मला आवडेल पण तो स्क्रू परत काढायला नाही आवडणार.

दाढ काढली गणपतीच्या आठ दिवस आधी. ओढून काढली नाही, ड्रिलच्या बारीक बरनं मधोमध कापून दोन मुळं वेगवेगळी काढली, म्हणजे भोवतीचं हाड कमी मोडतं. पाऊण तास खरवडून साफ केलं. सिस्टर कन्नड बोलणारी, दर दोन मिनिटाला बायी तगीरी, बायी तगीरी, आणि मी आ करून करून जबडा दुखवून घेतलेला. त्या दिवशी हाडाची पावडर घातली नाही. काही डॉक्टर लगेच भरतात, पण इतका पू असताना मी भरत नाही असं त्यांचं म्हणणं. मग नेहमीच्या सूचना, २४ तास चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉनं काही ओढायचं नाही, कारण खड्ड्यात जी रक्ताची गुठळी धरते तिच्यावरच पुढचं सगळं हाड उभं राहतं. ती निघाली तर खड्डा कोरडा पडतो आणि असला ठणका लागतो म्हणतात की दाढदुखी बरी. तंबाखूवाल्यांना हे जास्त होतं. मी घाबरून नऊ दिवस हात लावला नाही, दहाव्या दिवशी एकदा लावला, मग परत नाही, मग दसऱ्याला एकदा. आठ महिन्यांत दोनदा. खोटं कशाला सांगू.

गणपतीत मोदक डावीकडून खाल्ले. दिवाळीत चकलीकडं नुसतं बघितलं. आठव्या आठवड्यात तपासणीला गेलो तेव्हा हिरडी एकदम गुलाबी, बंद झालेली, मी म्हणलं मॅडम झालं की, टाकूया. त्यांनी बोटानं गालाकडची बाजू दाबली, तिथं खळगा लागत होता. वरून बरं दिसतंय, आतून नाही. अजून दोन महिने. त्या दिवशी मी जरा चिडलोच, खाली उतरून गाडीला किक मारताना पहिल्या क्लिनिकला शिव्या द्यायच्या का ह्यांना तेच कळेना.

जानेवारीत परत स्कॅन, परत शुगर. ७.२ आली. हा माझा ह्या सगळ्यातला सगळ्यात मोठा फायदा, दाढ राहिली बाजूला.

स्क्रूचा दिवस मात्र मला आवडला, हसू नका. पेशंट म्हणून गेलो होतो पण मशीन बघत बसलो. आधी बारीक पायलट ड्रिल, मग टप्प्याटप्प्यानं मोठं, आणि सतत सलाइनचं पाणी. मी तोंडात पाईप असताना खुणेनं विचारलं कूलंट काय? तर हो म्हणाल्या, हाड ४७ डिग्रीच्या वर मिनिटभर तापलं तरी मरतं. आमच्याकडं टूल मरतं, इथं जॉब मरतो. मग स्क्रू अगदी सावकाश फिरवत आत, मशीनच्या डिस्प्लेवर टॉर्क, म्हणजे आवळायचा जोर, दिसतो, ३५ न्यूटन सेंटीमीटर आलं की पकड चांगली म्हणतात, माझं ४० वर थांबलं. गालाकडं खळगा होता तिथं हाडाची पावडर, वर पातळ पडदा, आणि सगळं झाकून टाके. दुखलं म्हणाल तर दाढ काढताना ह्याच्या दुप्पट दुखलं होतं.

आणि मग परत थांबा! आधी हाड भरायला थांबलो, आता हाड चिकटायला. ह्यातपण एक गंमत सांगितली त्यांनी. पहिल्या दिवशी जी पकड असते ती पुढच्या तीन-चार आठवड्यांत उलट कमी होते, कारण आट्यात दबलेलं जुनं हाड शरीर खरवडून काढतं आणि नवं अजून तयार झालेलं नसतं. म्हणजे स्क्रू सगळ्यात नाजूक असतो तो पंधरा-वीस दिवसांनी, जेव्हा पेशंटला वाटतं की झालं आता, बरं वाटूलंय. तीन दिवसांत वर दात लावून त्यावर भाकरी चावायला लागलो असतो तर काय झालं असतं ते मी मनातल्या मनात चितारून घेतलं. हाड टायटॅनियमला चिकटतं हे स्वीडनच्या ब्रॅनेमार्क ह्यांना १९५२ च्या सुमारास सशांच्या हाडावर काम करताना दिसलं, हाडात बसवलेलं टायटॅनियम नंतर निघेनाच. माणसाच्या तोंडात त्यांनी पहिल्यांदा १९६५ ला बसवलं. त्यांच्या पद्धतीत खालच्या जबड्यात तीन महिने आणि वरच्या जबड्यात सहा महिने त्याच्यावर भारच नव्हता द्यायचा. आता स्क्रूवरची फिनिश सुधारली म्हणून काही ठिकाणी कमी दिवसांत होतं, पण पावडर भरलेल्या माझ्यासारख्याला तीन महिने धरूनच चाला म्हणाल्या.

ह्या मधल्या काळात, फेब्रुवारीत, माझा मेव्हणा. चंदगड तालुक्यातला, वेंगुर्ला रोडवरनं बेळगावला येत होता, शिनोळीच्या पुढं खडीवर गाडी घसरली. बाकी खरचटलं, पण वरचा समोरचा दात हिरडीच्या लेव्हलला तुटला. मीच घेऊन गेलो मॅडमकडं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेडवर असताना त्याचा फोटो आला, हसून दात दाखवतोय, समोर पांढरा शुभ्र दात. खाली लिहिलेलं, दाजी, एका दिवसात झालं की!

माझं टाळकं सरकलं. मला पाच महिने झाले होते, अजून फट घेऊन फिरत होतो आणि ह्याला एका दिवसात? पुढच्या तपासणीला गेलो तर बसायच्या आधीच विचारलं, मॅडम हे काय, पावण्याला वेगळा कायदा? त्यांनी शांतपणे त्याचा स्कॅन काढला आणि माझ्या स्कॅनशेजारी लावला. मला दोन मिनिटांत गप्प बसायला लागलं. त्याचा दात आदल्या दिवशीपर्यंत धडधाकट, पू नाही, मुळाभोवती चारी भिंती शाबूत, ओठाकडची भिंत एक मि.मी.पेक्षा जाड, जी म्हणे समोरच्या दातांत फार थोड्या लोकांची असते. एकच मूळ, बारीक, आणि मुळाच्या टोकापलीकडं भरपूर हाड, तिथं स्क्रू घट्ट धरला. स्क्रू टाळूच्या बाजूला सरकवून लावला आणि ओठाकडं जी फट राहिली तिच्यात पावडर भरली. वय २९, शुगर नाही, तंबाखू नाही. आणि तो जो दात दिसतोय तो टेंपररी आहे, खालच्या दातांना टेकतच नाही, मुद्दाम कमी ठेवलाय. दिसायला दात, चावायला नाही. तीन महिने त्यानं समोरनं काही तोडायचं नाही. म्हणजे थांबायचं त्यालापण होतंच, फक्त दात लावून थांबायचं.

आणि एक गोष्ट मला मेव्हण्यानं नंतर सांगितली, ती मला ह्या क्लिनिकची सगळ्यात आवडली. खुर्चीवर बसवायच्या आधी मॅडमनी त्याला सांगितलेलं की मूळ काढताना पुढची भिंत मोडली किंवा स्क्रूला पकड आली नाही तर मी आज टाकणार नाही, टाके घालून घरी पाठवणार, चालेल काय? चालेल म्हणाला तर पुढं सुरू केलं. पहिल्या ठिकाणी मला कुणी असं काही विचारलं नव्हतं, तिथं पॅकेज आधी ठरलं होतं, दाढ नंतर.

एप्रिलच्या शेवटी माझी दाढ बसली. आधी हिरडीला छोटा काप देऊन एक टोपी लावली, दोन आठवड्यांनी कॅमेऱ्यानं स्कॅन करून माप घेतलं, लगदा तोंडात कोंबायचं आता नाही ते बरं. झिरकोनियाची कॅप आली, पहिल्यांदा उंच आली, दाबल्यावर ती एकटीच टेकायची, निळा कागद ठेवून चार वेळा घासली. मग टॉर्क पान्यानं आतला स्क्रू आवळला, कट् आवाज आला पान्याचा, आणि ह्या वेळचा कट् मला गोड लागला. वरचं भोक बुजवायला त्यांनी पांढरी टेप काढली, बघतो तर टेफलॉन टेप! आमच्या प्लंबरच्या पेटीत असते तसलीच, वीत दोन वीत कापून, निर्जंतुक करून, गोळी करून आत दाबली आणि वर सिमेंट. पुढं कधी कॅप काढायची झाली तर स्क्रूचं डोकं खराब होऊ नये म्हणून. ह्यावर मी जितका खूश झालो तितका दाढेवर पण झालो नसेन.

आता पाचवा स्टार. अपॉइंटमेंट साडेपाचची आणि नंबर लागतो सव्वासातला. एकदा नाही, दर वेळी. त्यात रेल्वे गेटला अडकून तुम्ही दहा मिनिटं उशिरा गेलात तर मात्र तुमचा नंबर शेवटी. संमतीचा फॉर्म इंग्लिश आणि कन्नडमध्ये, मराठीत नाही. मला कन्नड बोलता येतं पण वाचायला अक्षर अक्षर लावून वाचतो, आणि भूल द्यायच्या पाच मिनिटं आधी तीन पानं कोण वाचणार? मॅडमनी मागच्या बाजूला हातानं मराठीत चार ओळी लिहून दिल्या हे खरं, पण बसलेले निम्मे पेशंट मराठी, छापून ठेवायला काय होतं. आणि पावडर-पडद्याचे ९,००० हे मला स्क्रूच्या दिवशी सकाळी कळलं. लागू शकेल असं ऑगस्टमध्ये बोलल्या होत्या, आकडा नव्हत्या बोलल्या. सगळं मिळून, दोन्ही स्कॅन, दाढ काढणं, स्क्रू, पावडर, कॅप, माझे ५३,००० च्या आसपास गेले. मेडिक्लेमवाल्यांनी हात वर केले. स्क्रू कोरियन कंपनीचा, स्विस पाहिजे असेल तर अजून महाग. बॉक्सवरचा लॉट नंबरचा स्टिकर माझ्या फाइलला चिकटवून दिला, मागायला लागला नाही. फाउंड्रीत आम्ही हीट नंबर ठेवतो तसं, उद्या वर कुठला पार्ट बसवायचा झाला तर दुसऱ्या गावच्या डॉक्टरला पण कळायला पाहिजे आत काय आहे. तुम्ही कुठंही करा, हा स्टिकर घ्या.

शिवजयंतीच्या (आमच्या बेळगावात ती तिथीनं, वैशाखात असते) मिरवणुकीला रात्रभर फिरलो चित्ररथ बघत, आणि उजवीकडून भडंग खाल्लं. थोडं अडकतं अजून शेजारच्या दाढेच्या फटीत, त्याला बारीक ब्रश दिलाय, तो रोज फिरवायचा कंटाळा येतो. मेव्हण्याचा कायमचा दात पुढच्या महिन्यात. शेतात ऊस उभा आणि ह्याला ऊस सोलायला बंदी, रोज मला फोन करून विचारतो, दाजी, एक कांडं चाललं काय.

आता आईला न्यायचंय. तिच्या खालच्या दोन दाढा काढून बारा वर्षं झाली, तेव्हा कुणी काय सांगितलं नाही आणि आम्ही पण विचारलं नाही. मॅडमनी नुसतं आत बघून सांगितलं की हाड पार सुरीच्या धारेसारखं झालंय, आधी ते रुंद करायला लागेल, नाहीतर सरळ कवळी. शिवाय तिला हाडं ठिसूळ झाल्याचं सहा महिन्यांतून एकदा इंजेक्शन असतं, त्याची चिठ्ठी घेऊन या म्हणाल्यात, कारण त्या इंजेक्शनवर असताना जबड्याला हात लावला तर कधी कधी हाड भरूनच येत नाही. मंगळवारी साडेपाचची अपॉइंटमेंट आहे. म्हणजे सव्वासात. आईला म्हणलंय, विणायचं काहीतरी बरोबर घे.